पसंतीचा पहिला रकाना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज हा आपला टापू फौजींचा. सोप्यात शिवाजी महाराजांच्या तसबिरीशेजारी वर्दीतल्या आजोबांचा फोटो हे इथल्या कितीतरी घरांतलं नेहमीचं दृश्य. बेळगावच्या कॅम्पात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. शहराबाहेर सांबऱ्याला हवाई दलाची एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. घाट उतरून गोव्यात गेलं की दाबोळीला नौदलाचा 'हंसा' हा विमानतळ. तिन्ही दलं अशी आपल्या हाकेच्या अंतरावर. तरीही यातलं नेमकं कुठलं दल आपल्या मुलाला हवंय, हा प्रश्न फॉर्म भरायच्या आधी किती घरांत विचारला जातो?

बहुतेक घरांत तो नंतर येतो. निवड झालेली असते, पेढे वाटून झालेले असतात, सत्काराचा नारळही मिळालेला असतो. प्रशिक्षणाला निघायला महिना-दोन महिने उरलेले असतात आणि एका रात्री जेवताना मुलगा म्हणतो, "मला हे दल नको, ते हवं होतं. आता बदलता येईल का?" घरातली सगळी ताटं तिथंच थांबतात.

या प्रश्नाचं उत्तर आज जरा नीट मांडायचं आहे. कारण याबाबत पारावर आणि व्हॉट्सॲपवर जी माहिती फिरते, तिच्यात अर्धं खरं आणि अर्धं धोक्याचं असतं.

आधी अधिकारी व्हायच्या वाटेबद्दल. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. अर्ज भरतानाच भूदल, नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमी यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि पुढची एसएसबीची मुलाखतही ९०० गुणांची. शेवटी गुणवत्ता आणि पसंती या दोन्हींचा मेळ घालून दल मिळतं. अलीकडच्या काही वर्षांच्या जाहिरातींत एनडीएच्या एका तुकडीसाठी ३७० जागा दिसतात. त्यांपैकी २०८ भूदलाच्या, १२० हवाई दलाच्या आणि नौदलाच्या फक्त ४२. म्हणजे नौदल पहिलं लिहिलं म्हणून ते मिळेलच असं नाही. पण खाली लिहिलं आणि वरची पसंती आधीच मिळाली, तर खालचा नंबर लागतच नाही. हे साधं गणित पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येतं.

लेखी पास झालेल्या आपल्या भागातल्या मुलांना भूदलाच्या मुलाखतीसाठी कधी बंगळूरला बोलावतात, कधी प्रयागराजला, तर कधी थेट भोपाळला. भोपाळला भूदलाची निवड मंडळं आहेत, तसं नौदलाचंही आहे. बेळगावहून गोवा एक्स्प्रेस पकडली की मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, खंडवा, इटारसी करत एक रात्र आणि एक दिवस गाडीत जातो. पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाला थ्री एसीचं भाडं परत मिळतं, हे गरीब घरच्या पालकांनी जरूर लक्षात ठेवावं. तिकीट मात्र जपून ठेवावं.

तिथं पाच दिवसांचा कार्यक्रम असतो. पहिल्या दिवशी चाळणी लागते आणि तिच्यात गळलेली मुलं त्याच दिवशी परत फिरतात. उरलेल्यांना छातीवर नंबर मिळतो. मग मानसशास्त्रीय चाचण्या होतात. बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या, शेवटचं चित्र तर कोरंच असतं. साठ शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकाला पंधरा सेकंद मिळतात. पुढे साठ प्रसंग आणि अर्धा तास. त्यानंतर मैदानावरची कामं, एकट्याची मुलाखत आणि शेवटी सगळ्या अधिकाऱ्यांसमोरची कॉन्फरन्स.

या सगळ्यात आईवडिलांनी ध्यानात घ्यावेत असे दोन कागद आहेत. पहिला म्हणजे स्वतःविषयी लिहायचा. त्यात मुलाला लिहावं लागतं की आईवडील माझ्याविषयी काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात आणि मला स्वतःला काय वाटतं. दुसरा म्हणजे वैयक्तिक माहितीचा फॉर्म. त्यात घरच्यांचं शिक्षण, व्यवसाय, खेळ, छंद यांबरोबर कुठल्या दलाला पसंती तेही लिहायचं असतं. मुलाखत घेणारे साहेब तो फॉर्म समोर ठेवूनच बोलतात. हेच दल का, हा प्रश्न तिथं विचारला जाऊ शकतो, आणि त्याचं उत्तर क्लासमध्ये पाठ केलेलं असलं तर ते ओळखणारी माणसंच तिथं बसलेली असतात.

माझ्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. वडील मराठी, आई गोकाककडची, आजी अजून कन्नडमध्येच देवाशी बोलते. आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मुलगा हुशार. भूदल पहिलं लिहिलं, भोपाळला गेला, निवडला गेला, मेडिकल झालं, यादीत नाव आलं आणि भूदल मिळालं. गावात फलक लागला. डिसेंबर उजाडला आणि मुलगा गप्प गप्प राहू लागला. शेवटी बोलला.

"अप्पा, मला खरं म्हणजे नेव्ही हवी होती."

"मग फॉर्म भरताना का नाही बोललास रे?"

"तात्यांच्या फोटोखाली बसून भरला फॉर्म. तुम्ही म्हणालात, आपल्या घरात आर्मीच. मी काय बोलणार?"

आजी देवघरातून बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "कैगे बंद तुत्तु बायिगे बरलिल्ल अंता आगबारदु." हातातोंडाशी आलेला घास जाऊ नये, असं मराठीत आपण म्हणतो, तेच. दोन भाषांच्या घरात एक सोय असते. एका भाषेत भांडण पेटलं की दुसऱ्या भाषेत कुणीतरी पाणी ओततं.

त्यांनी चौकशी केली. यादी लागल्यावर नुसती इच्छा बदलली म्हणून दल बदलून मिळत नाही, हे कळलं. जॉइनिंग नाकारणं हा गुन्हा नव्हता, पण जागा गेली असती. एनडीएसाठी वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलगा एकोणीस पूर्ण झालेला, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसायची संधी संपलेली. पदवीनंतर सीडीएसमधून नौदल अकादमीत जायचं तर इंजिनीअरिंगची पदवी हवी. म्हणजे चार वर्षं, लाखांत फी, आणि पुढे पुन्हा एसएसबी. एका पारड्यात हे सगळं आणि दुसऱ्या पारड्यात हातात असलेलं पत्र. वडिलांनी पहिल्यांदाच मुलाला सांगितलं, "तू ठरव. आम्ही दोन्हीकडून तुझ्याबरोबर." तीन दिवस विचार करून मुलगा खडकवासल्याला गेला.

तिथं पहिली वर्षं तिन्ही दलांच्या मुलांचं शिक्षण बरंचसं एकत्रच होतं, हीच त्या संस्थेची मूळ कल्पना. खडकवासल्याच्या तळ्यावर पीकॉक बे आहे, तिथं शिडाच्या होड्या आहेत. मुलगा सुट्टीच्या दिवशी तिथं असतो म्हणे. समुद्राची हौस तळ्यावर भागते का, हे त्याचं त्यालाच माहीत. पण ठरवलं त्यानं स्वतः, म्हणून तो तक्रार करत नाही, असं त्याची आई सांगते.

जायच्या आधी पालकांना एका बाँडवर सही करावी लागते. स्वतःच्या मर्जीनं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलं किंवा शेवटी कमिशन घ्यायला नकार दिला, तर झालेला खर्च परत करावा लागू शकतो. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईचा हक्क सांगणार नाही, असंही लिहून द्यावं लागतं. तेव्हा 'जाऊन बघू, नाही जमलं तर येऊ' हा विचार खडकवासल्याच्या फाटकाबाहेरच सोडायचा.

आता जवान म्हणून भरती होणाऱ्यांचं. इथं नियम जास्त कडक आहेत, आणि आपल्या भागातल्या घरांना जास्त लागू होणारे हेच आहेत. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून तिन्ही दलांत अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते. तिन्ही दलांची भरती वेगवेगळी, परीक्षा वेगवेगळ्या आणि तारखाही वेगवेगळ्या. हुशार मुलं दोन-दोन ठिकाणी अर्ज करतात. त्यात काही चूक नाही. अडचण होते ती एका ठिकाणचं बोलावणं आधी आणि दुसऱ्या ठिकाणचा निकाल नंतर आला की.

समजा, बेळगाव किंवा कोल्हापूरच्या भरती कार्यालयात मुलाचं नाव भूदलात लागलं. त्याला अटी वाचून दाखवल्या, त्यानं सही केली. ही सही म्हणजे नुसता अर्ज नव्हे. कायद्याच्या भाषेत ती नावनोंदणी, आणि त्या क्षणापासून मुलगा १९५० च्या आर्मी ॲक्टखाली येतो. केंद्रावरची कसम परेड पुढे प्रशिक्षणानंतर होते, म्हणून पुष्कळांना वाटतं की कसम खाईपर्यंत आपण मोकळे. तसं नाही. सहीनंतर पंधरा दिवसांनी हवाई दलाचं बोलावणं आलं आणि मुलगा इकडचं न सांगता तिकडे जाऊन भरती झाला, तर त्याच कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे तो गुन्हा आहे. रीतसर मुक्त न होता त्याच किंवा दुसऱ्या दलात नाव नोंदवणं, याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हवाई दलाच्या कायद्यातही असंच कलम आहे. नावनोंदणीच्या वेळी 'आधी कुठल्या दलात होता का' याला खोटं उत्तर देणं हाही वेगळा गुन्हा आहे. पारावरचा 'जा रे, कुणाला कळतंय' हा सल्ला म्हणून धोक्याचा. कुठल्याही मुलाच्या नोकरीची सुरुवात अशा लपवाछपवीनं होऊ नये.

बरं, रीतसर सुटून जाता येईल का? अग्निवीरांच्या अटींत स्पष्ट म्हटलं आहे की मुदत पुरी होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून सुट्टी मिळणार नाही, फार अपवादात्मक कारण असलं आणि वरिष्ठांनी मान्य केलं तरच. 'मला आता ते दल जास्त आवडतं' हे अपवादात्मक कारण धरलं जाईल, या भरवशावर कुणी राहू नये. आणि मुलगा अठराच्या आतला असला तर नावनोंदणीच्या कागदावर आईवडिलांची सही लागते. म्हणजे ही गोष्ट एकट्या मुलाची नाही. त्या कागदावर आपणही असतो.

तेव्हा दोन ठिकाणी आशा असेल तर निर्णयाची वेळ एकच, नावनोंदणीच्या आधीची. त्या दिवसापर्यंत मुलाला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. भरती कार्यालयात जाऊन सरळ विचारावं की दुसऱ्या दलाचा निकाल बाकी आहे, माझ्यापुढे काय पर्याय आहेत. कदाचित एकच उत्तर मिळेल, 'ये किंवा सोड.' पण ते सहीच्या आधी मिळालेलं बरं.

भूदलातच आत कुठे जायचं, यालाही तेवढंच महत्त्व आहे. आपल्याकडे आर्मी म्हटलं की डोळ्यांसमोर मराठा रेजिमेंट उभी राहते. पण टेक्निकलमध्ये निवडलेला मुलगा बेळगावातच राहील असं नाही. ईएमई, म्हणजे लष्कराच्या गाड्या, रणगाडे, तोफा आणि यंत्रं दुरुस्त करणारी कोअर, तिची केंद्रं सिकंदराबादला आणि भोपाळला आहेत. आयटीआय केलेला, हातात पाना घेतला की जेवण विसरणारा मुलगा जनरल ड्यूटीत गेला तर तोही मनानं दुसऱ्याच शाखेत राहतो. २०२५ च्या भरतीपासून एका उमेदवाराला दोन वर्गांत अर्ज करता येऊ लागला, आणि लेखी परीक्षा तेरा भाषांत झाली, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. ज्या मुलानं शाळा कन्नडमध्ये केली आणि घर मराठीत काढलं, त्यानं कुठल्या भाषेत विचार लवकर सुचतो ते पाहून भाषा निवडावी. त्यात अस्मितेचा प्रश्न आणू नये.

दल बदलण्याची गोष्ट निघाली की एक नाव हटकून आठवतं. कर्नल पृथीपाल सिंग गिल. तिन्ही दलांत काम केलेले भारताचे एकमेव अधिकारी म्हणून ते ओळखले जात. घरी न विचारताच १९४२ मध्ये ते हवाई दलात वैमानिक झाले. वडिलांना विमानाची भीती. मुलगा विमान अपघातात जाईल या धास्तीनं त्यांनी त्याला तिथून बाहेर काढलं. मग गिल नौदलात गेले, दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढणाऱ्या जहाजावर होते. पुढे आपल्या देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकले, भूदलात आले, ग्वाल्हेर माउंटन बॅटरीत काम केलं आणि १९६५ च्या युद्धात तोफखान्याच्या एका रेजिमेंटचं नेतृत्व केलं. डिसेंबर २०२१ मध्ये, वयाला एकशे एक वर्षं पुरी व्हायला काही दिवस असताना ते गेले. भीती वाटली ती वडिलांना आणि दल बदललं मुलाचं. त्यातून सुरुंग काढायचं काम वाट्याला आलं. आईबापाच्या भीतीला सुरक्षित दल असं कुठलंच नसतं, एवढं तरी या गोष्टीतून कळावं. शिवाय तो युद्धाचा काळ होता. आज अशी अदलाबदल कुणाच्या घरी होईल, असं समजून चालू नये.

कॅप्टन विक्रम बात्रांची गोष्ट याच्या जवळची. कॉलेजात ते एनसीसीच्या हवाई शाखेत. १९९५ मध्ये मर्चंट नेव्हीत त्यांची निवड झाली होती, पगार भरपूर होता. जायच्या आधी त्यांनी मन बदललं, सीडीएसची तयारी केली आणि १९९६ मध्ये डेहराडूनच्या अकादमीत दाखल झाले. कारगिलमध्ये जुलै १९९९ ला त्यांनी काय केलं, ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. इथं लक्षात घ्यायचं ते एवढंच की त्यांनी बदल केला तो प्रशिक्षणाला रुजू व्हायच्या आधी, उघडपणे आणि स्वतःच्या मनानं.

आणि ज्यांची वेळ निघून गेली, त्यांच्यासाठी दारं अगदीच बंद नाहीत. डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तिथं भूदलातले जवान तर जातातच, पण नौदलातले खलाशी आणि हवाई दलातले एअरमनही अर्ज करू शकतात आणि भूदलाचे अधिकारी होऊ शकतात. या कॉलेजचं मूळ मध्य प्रदेशात, छतरपूर जिल्ह्यातल्या नौगावला. १९२९ मध्ये तिथं किचनर कॉलेज निघालं आणि १९६० मध्ये त्याच जागी आर्मी कॅडेट कॉलेज सुरू झालं. उद्घाटन केलं जनरल थिमय्या यांनी, आपल्या कोडगूच्या सुपुत्रानं. नंतर ते पुण्याला आणि पुढे डेहराडूनला गेलं. सांबऱ्याहून निघालेला एखादा एअरमन त्या वाटेनं भूदलाचा लेफ्टनंट होऊ शकतो, रीतसर परवानगी घेऊन, परीक्षा देऊन.

उडायचंच असेल तर भूदलाची स्वतःची एव्हिएशन कोअर १९८६ पासून आहे आणि तिचं प्रशिक्षण आपल्या नाशिकला होतं. नौदलाचीही विमानं आहेत. उलट हवाई दलात सगळेच उडत नाहीत, जमिनीवरची कामं करणारे पुष्कळ असतात. हवाई दलाच्या वैमानिक चाचणीत एकदा नापास झालेल्याला ती आयुष्यात पुन्हा देता येत नाही. तेव्हा 'हवाई दल पहिलं' लिहिताना पोराला आकाश हवंय की नुसता निळा गणवेश, हेही विचारावं. डोळ्यांचं, रंग ओळखण्याचं आणि उंचीचं माप आधी चांगल्या डॉक्टरकडून पाहून घ्यावं. मेडिकलला गेल्यावर स्वप्न मोडण्यापेक्षा क्रम लावतानाच कळलेलं चांगलं.

आता हे सगळं मुलींनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. मुलीच्या बाबतीत घरचे तिसरंच सुचवतात, "त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे." तिलाही पसंतीक्रम आहे, हे आधी मान्य करू या.

आईबापांनी करायचं काम तसं थोडकं आहे. जाहिरात निघाली की ती मुलाबरोबर बसून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, कारण नियम आणि आकडे दर वर्षी बदलू शकतात. गावातल्या तिन्ही दलांच्या निवृत्त माणसांकडे पोराला एकेक संध्याकाळ पाठवावं. जहाजावर महिनोन्महिने घर न दिसणं काय असतं, बर्फात चौकीवर कसं राहतात, विमानाच्या यंत्राखाली रात्र कशी जाते, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्यावं. मग विचारावं, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, ज्या भाषेत ते पोर खरं बोलतं त्या भाषेत, "तुला काय हवंय?" उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी फॉर्मवरचा पहिला आकडा त्याला त्याच्या हातानं लिहू द्यावा, आणि तो लिहीत असताना आपण स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकावा.